सेवकाच्या खोलीचे दार

(शास्त्रपाठ : योहान ४:१–३०, लूक १७:११–१९, मत्तय ६:५–६)



वर दिलेले तीन शास्त्रभाग प्रथम आपापल्या पवित्र शास्त्रातून वाचावेत व मग हा लेख पुढे वाचावा, अशी विनंती आहे. ज्या घरी म्हाताऱ्या माणसांस अक्षर दिसत नाही तेथे नातवंडास हाक मारून मोठ्याने वाचवून घ्यावे. वचने मी येथे उतरून देत नाही. पत्रात छापलेले वचन वाचले की शास्त्र उघडण्याचा आळस होतो, हा माझ्या स्वतःच्या घरचाच अनुभव आहे.

आमची मंडळी धायरीस जमते. पुण्याहून सिंहगडाकडे जाणाऱ्या रस्त्यास लागून हे गाव आहे. धारेश्वराच्या देवळामुळे ते आसपासच्या पंचक्रोशीस ठाऊक होते, आणि जुनी माणसे अजूनही येथील शेतमळ्यांच्या गोष्टी सांगतात. २०१७ च्या ऑक्टोबरात धायरी पुणे महानगरपालिकेत गेली. आता मळ्यांच्या जागी दहा-दहा, बारा-बारा मजल्यांच्या इमारती उभ्या आहेत, व त्या बांधणारे हात मराठवाड्यातून, विदर्भातून आणि परप्रांतांतून आलेले आहेत. इमारत पुरी झाली की हे लोक पत्र्याच्या खोल्या मोडून पुढच्या इमारतीच्या पायथ्याशी जातात. ज्या घरांस त्यांनी भिंती दिल्या त्या घरांत त्यांचे पाऊल पुन्हा पडत नाही.

ह्या लोकांमध्ये आमच्या मंडळीतील एक तरुण बहीण काम करते. तिने समाजकार्याची पदवी घेतली आहे. मुलांस शाळेत घालणे, आजाऱ्यांस सरकारी दवाखान्यात नेणे, शिधापत्रिकेचे व मजुरांच्या नोंदणीचे कागद तयार करणे, हे तिचे रोजचे काम. एका रविवारी उपासना संपल्यावर ती मागे थांबली व म्हणाली, "पाळकसाहेब, आम्हांला शिकवताना पहिल्याच वर्षी सांगितलं होतं, की ज्याच्या घरी मदतीला जायचं त्याच्यावर आपली श्रद्धा लादायची नाही. ते मला पटतं. पण मग मी माझा विश्वास कुठं ठेवून जाऊ? चपलेसारखा दाराबाहेर काढून ठेवू का?"

मी लगेच उत्तर दिले, की विश्वास हा काही चपलेसारखा काढता-घालता येत नाही. ती हसली व गेली. पाळकास तयार उत्तराची फार सवय असते. घरी पोहोचेपर्यंत मला कळून चुकले, की मी उत्तर दिलेच नव्हते, केवळ प्रश्न वाटेस लावला होता. आणि तो प्रश्न मला का टोचला, ह्यासही कारण होते.

२५ जुलै २०२४ रोजी अतिवृष्टी झाली, खडकवासल्याच्या धरणातून पाणी सोडले गेले, आणि सिंहगड रस्त्यालगतच्या एकतानगरी भागात मुठेचे पाणी लोकांच्या घरांत शिरले. आमच्या मंडळीतील बायकांनी खिचडी शिजवली व आम्ही ती घेऊन गेलो. लोक ओल्या अंगाने रांगेत उभे होते. मी पातेल्यावर हात ठेवून प्रार्थना सुरू केली. ती किती वेळ चालली हे मला सांगता येत नाही. परंतु तारणाची संपूर्ण योजना मी तीत आणली होती एवढे आठवते. मध्येच एका म्हातारीने, कडेवरच्या मुलास सावरीत, अगदी साध्या आवाजात म्हटले, "बाबा, देवाला भूक कळती न्हवं? मग लेकराला आदी द्या, त्यो थांबल."

मी आमेन म्हटले. त्या दिवशी माझ्या ओठांवर प्रभूचे नाव होते. पण मी जे बोलत होतो ते देवाशी नव्हते, रांगेतल्या लोकांशी होते. भुकेल्या मनुष्यास जागेवरून हलता येत नाही हे मला ठाऊक होते, व त्याचा मी उपयोग करून घेतला. हे कबूल करावयास मला दोन वर्षांच्या आसपास लागली, आणि तेही एका मुलीने चपलेची गोष्ट काढली म्हणून.

आता पंडिता रमाबाईंकडे वळू. त्यांचे नाव आपल्या मंडळ्यांत आदराने घेतले जाते. पण आपण त्यांचे चरित्र बहुधा केडगावापासून सुरू करतो, आणि ज्या दोन प्रसंगांचा ह्या प्रश्नाशी अगदी निकटचा संबंध आहे ते सोडून देतो.

पहिला प्रसंग इंग्लंडातला. रमाबाई १८८३ साली तेथे गेल्या व वाँटेज येथील भगिनींच्या आश्रमात राहिल्या. त्या भगिनींची एक शाखा लंडनात फुलहॅम येथे होती. समाजाने पतित म्हणून टाकलेल्या स्त्रियांस तेथे आसरा मिळे, काम शिकवले जाई. रमाबाईंनी हे पाहिले आणि त्या चकित झाल्या. अशा स्त्रियांचे काही करावयाचे असते, हेच त्यांनी तोवर ऐकले नव्हते. लहानपणी त्यांनी सारा भरतखंड पायी तुडवला होता, आईबाप उपासमारीत गमावले होते, आणि शास्त्रे मुखोद्गत केली होती. त्यांनी आपणांस शिकवणाऱ्या भगिनीस विचारले, की ह्या स्त्रियांची काळजी करावयास तुम्हांला लावते तरी कोण? त्या भगिनीने कोणताही वाद न घालता योहानाच्या शुभवर्तमानाचा चौथा अध्याय, म्हणजे शोमरोनी स्त्रीची कथा, त्यांस वाचून दाखवली. पुढे १९०७ साली लिहिलेल्या आपल्या साक्षीत रमाबाईंनी हा प्रसंग स्वतः नोंदवला आहे.

येथे क्रम पाहा. आधी काम होते. ते कोणी तरी पाहिले. मग पाहणाऱ्याने प्रश्न केला, व त्यानंतर वचन उघडले गेले. आणि प्रश्न करणारी स्त्री उपाशी नव्हती, आश्रयास आलेली पतिताही नव्हती. ती विद्वान होती, "नाही" म्हणण्यास मोकळी होती. फुलहॅमच्या त्या स्त्रियांचे मन काय म्हणत होते हे आपणांस कोणी सांगितलेले नाही.

दुसरा प्रसंग पुण्याचाच आहे, व तो अधिक कठीण आहे. ११ मार्च १८८९ रोजी रमाबाईंनी मुंबईस शारदा सदन उघडले. पुढच्या वर्षी ते पुण्यास आले. विधवांस व निराधार मुलींस तेथे शिक्षण मिळे. त्यांनी आपापल्या जातीचे व धर्माचे आचार पाळावेत, त्यांत कोणी ढवळाढवळ करणार नाही, असे वचन होते. अमेरिकेतील देणगीदारांनीही ह्याच अटीवर पैसा दिला होता. रानडे व भांडारकर यांच्यासारखे थोर गृहस्थ सल्लागार मंडळात होते. रमाबाई स्वतः ख्रिस्ती होत्या. त्या आपल्या खोलीत आपली मुलगी मनोरमा हिच्यासह प्रार्थना करीत, व खोलीचे दार उघडे असे. हळूहळू काही मुली आपण होऊन तेथे येऊन बसू लागल्या. बाहेर बोभाटा झाला, वर्तमानपत्रांनी हाकाटी केली, आणि १८९३ साली सल्लागारांनी राजीनामे दिले. पालकांनी अनेक मुली सदनातून काढून नेल्या.

आपल्या व्यासपीठांवरून ही गोष्ट सांगताना एक बाजू नेहमी धुतल्या तांदळासारखी दाखवली जाते. मला तसे करवत नाही. रमाबाई म्हणत, की मी कोणास बोलावले नाही, माझ्या खोलीत मी प्रार्थना केली, व ती लपवून करणे मला मान्य नाही. ह्यात असत्य काही नव्हते, आणि धैर्य पुष्कळ होते. पण दुसऱ्या बाजूने विचार करा. बारा-चौदा वर्षांची विधवा मुलगी. घरी तिच्या सावलीचाही विटाळ मानणारे लोक. आणि येथे एक स्त्री, जी तिला पोटाशी धरते, शिकवते, माणूस म्हणून वागवते. अशा मुलीस ती आईसमान स्त्री जेथे जाऊन गुडघे टेकते त्या खोलीत जावेसे वाटणारच. कोणी ओढले नाही हे खरे. परंतु प्रेमाची ओढही ओढच असते. त्या मुलींच्या बापांस जी भीती वाटली ती केवळ द्वेषातून उपजली होती असे मला म्हणवत नाही. आपली मुलगी दुसऱ्या धर्माच्या वसतिगृहात असती, व तेथील प्रेमळ बाईच्या देवघराचे दार सदा उघडे असते, तर आपण काय केले असते? प्रत्येकाने आपल्या मनास विचारावे.

मत्तयाच्या सहाव्या अध्यायात प्रभू प्रार्थनेसाठी दार लावून घ्यावयास सांगतो. तेथे निषेध आहे तो दांभिकांचा, लोकांनी पाहावे म्हणून चव्हाट्यावर उभे राहणाऱ्यांचा. रमाबाई तशा नव्हत्या. तथापि प्रभूची ही आज्ञा ज्यांच्या हाती दुसऱ्याची भाकरी आहे त्यांस मला विशेषेकरून लागू वाटते. रमाबाईंसारख्या संतिणीची उणीव काढावयास मी बसलेलो नाही. माझी खिचडीच्या पातेल्यावरची प्रार्थना मला आठवते, आणि त्यांचे उघडे दार माझ्या बंद पडलेल्या विवेकापेक्षा कितीतरी शुद्ध होते हेही मला कळते.

ह्या गोष्टीस आणखी एक पदर आहे, तो आपल्याकडे कोणी फारसा उलगडत नाही. शारदा सदनाच्या अगदी पहिल्या विधवा विद्यार्थिनींत गोदूबाई नावाची मुलगी होती. ती ख्रिस्ती झाली नाही. मार्च १८९३ मध्ये, म्हणजे वरील वादळाच्याच वर्षी, तिचा पुनर्विवाह धोंडो केशव कर्वे यांच्याशी झाला, आणि तीच पुढे आनंदीबाई कर्वे, अर्थात बाया, म्हणून प्रसिद्धीस आली. कर्व्यांनी १८९६ साली विधवांसाठी संस्था काढली व १९०० साली ती हिंगण्यास, मुठेच्या पलीकडे एका झोपडीत नेली. धायरीहून पुण्यास येताना नदीपलीकडे जे कर्वेनगर आहे तेच ते. तेथेच त्यांच्या नावाने १९६३ पासून समाजकार्य शिकवणारी संस्थाही चालत आहे. रमाबाईंच्या हातून शिकून निघालेल्या ह्या स्त्रीने रमाबाईंचा धर्म घेतला नाही, पण सेवा उचलली व आयुष्यभर वाहिली. आता मी विचारतो, हे पीक कोणाच्या खळ्यात मोजावयाचे? आपल्या वार्षिक अहवालांत बाप्तिस्म्यांचा रकाना असतो. बायासारख्यांसाठी रकाना नसतो.

लूकाच्या सतराव्या अध्यायात दहा कुष्ठरोगी शुद्ध झाले व एकच परतला. ते नऊ कोठे आहेत, असे प्रभूने विचारले. त्यास दुःख झाले ह्यात शंका नाही. पण त्या नऊ जणांच्या अंगावर रोग पुन्हा उमटला असे लूकाने लिहिलेले नाही. ते आपापल्या घरी गेले, बायकामुलांत बसून जेवले, आणि बहुधा म्हातारे होऊन मेले. प्रभूने दिलेले आरोग्य त्याने कृतज्ञतेच्या अटीवर गहाण ठेवले नाही. योहानाच्या पाचव्या अध्यायातला अडतीस वर्षांचा दुखणाईत पाहा. त्यास तर आपणांस कोणी बरे केले हेच ठाऊक नव्हते. आणि तो दयाळू शोमरोनी! त्याने जखमांस तेल व द्राक्षारस लावला, मनुष्यास आपल्या जनावरावर बसवले, उतारशाळेच्या मालकास दोन नाणी दिली, व अधिक खर्च झाल्यास परत येताना फेडीन असे सांगितले. म्हणजे प्रथमोपचार झाला, वाहन झाले, पैशाची सोय झाली आणि पुन्हा येऊन चौकशी करण्याचा शब्दही झाला. आमची ती बहीण हे वाचून म्हणाली, की आमच्या अभ्यासक्रमात जे जे होते ते सर्व ह्यात आहे. जखमी मनुष्याचा पंथ कोणता, हे त्याने विचारल्याचे मात्र ह्यात नाही.

समाजकार्याचे हे शिक्षण म्हणजे परक्या, नास्तिक लोकांनी काढलेले काही तरी आहे, असे आपल्यातील काही वडीलजनांस वाटते म्हणून सांगतो. आपल्याच अमेरिकन मराठी मिशनचे क्लिफर्ड मॅन्शर्ट हे १९२५ साली मुंबईस आले. त्यांनी १९२६ साली नागपाड्याच्या दाट, नाना धर्मांच्या कामकरी वस्तीत नेबरहुड हाउस स्थापले. सेवा ही दुसऱ्या कशाचे आमिष नव्हे, ती स्वतःच पुरेशी आहे, अशा मताचे ते होते. त्याच घरातून १९३६ साली, सर दोराबजी टाटा यांच्या विश्वस्त निधीच्या साह्याने, भरतखंडातील समाजकार्याची पहिली शाळा निघाली, व मॅन्शर्ट तिचे पहिले संचालक झाले. १९४४ पासून तीच टाटा समाजविज्ञान संस्था म्हणून ओळखली जाते. तेव्हा लादू नये, हा धडा आपल्या मुलीस बाहेरच्याने शिकवला असे म्हणण्यापूर्वी आपण थोडे थांबावे.

परंतु ह्यावरून कोणी असे समजू नये, की विश्वासाचे सेवेत काही कामच नाही. ज्याने हे काम चार महिने केले असेल तो असे म्हणणार नाही. दारू सुटलेला मनुष्य सहाव्या वेळी पुन्हा गुत्त्यात सापडतो. शाळेत घातलेली मुलगी आईबापांबरोबर एका रात्रीत दुसऱ्या गावी नाहीशी होते. ज्याच्यासाठी आपण दहा खेटे घातले तोच आपल्यावर पैसे खाल्ल्याचा आळ घेतो. तेव्हा पदवी उपयोगी पडते, पण ती पहाटे उठवून पुन्हा त्याच दारी पाठवीत नाही. रमाबाईंचे सदन १८९३ साली अर्धे रिकामे झाले. आणि तीनच वर्षांनी दुष्काळ पडला तेव्हा त्याच रमाबाई मध्यप्रांतात जाऊन शेकडो उपाशी मुली घेऊन आल्या व केडगावच्या माळावर मुक्ती सदन उभे राहिले. तेथे विहिरी खणल्या, शेती केली, विणकाम व तेलाचा घाणा चालवला, छापखान्यात मुलींनी खिळे जुळवले. १९२१ साली मनोरमा, ती एकुलती एक मुलगी, आईच्या आधी गेली. रमाबाईंनी पवित्र शास्त्राचे भाषांतर हाती धरले होते ते सोडले नाही. ते पुरे करून ५ एप्रिल १९२२ रोजी त्या प्रभूकडे गेल्या. हे बळ कोठून येत होते हे त्या खोलीस ठाऊक, मग तिचे दार उघडे असो वा लावलेले.

आणि तरीही, असे बळ आपल्याच ओसरीत पिकते असा गर्व नको. त्याच प्लेगात, १८९७ साली, सावित्रीबाई फुले यांनी मुंढव्याकडील एका आजारी मुलास उचलून आपल्या मुलाच्या दवाखान्यात नेले, व तोच रोग जडून १० मार्च रोजी त्या वारल्या. त्या आपल्या मंडळीच्या नव्हत्या. शोमरोनी तरी कोठे होता?

आता धायरीची गोष्ट पुरी करतो. मागील पावसाळ्यात बीड जिल्ह्यातून आलेल्या एका बाईचा नवरा बांधकामावरून पडून मेला. तीही त्याच कामावर विटा वाहणारी. तिने अन्न टाकले. आमची बहीण तिच्याकडे जाऊ लागली. मी तिला म्हटले, की तू तिला एक स्तोत्र तरी ऐकव, धीर येईल. ती काही बोलली नाही. पुढे आठ दिवसांनी तिने मला सांगितले, "मी तिला विचारलं, मावशी, गावाकडं जीव जड झाला की तुम्ही काय करायच्या? ती म्हणाली, जात्यावर बसायची, आईनं शिकवलेल्या ओव्या म्हणायची. इथं जातं नाही. मी म्हटलं, जातं नसलं तर नसू दे, मला ऐकवा. तिनं विठ्ठलाच्या ओव्या म्हटल्या, पहिल्यांदा रडली, मग भाकरी खाल्ली. पाळकसाहेब, मी चूक केली का?"

खरे सांगतो, पहिल्या क्षणी माझ्या मनास ते रुचले नाही. मी वीस वर्षे ज्या नावाची सुवार्ता सांगत आलो ते नाव त्या खोलीत कोणी घेतले नव्हते. मग मला विहिरीकाठचा प्रभू आठवला. तो शोमरोनी स्त्रीस काही देण्यापूर्वी तिच्याजवळ काय आहे ते पाहतो. तिची घागर पाहतो, आणि तिच्याकडे पाणी मागतो. ती बोलते, आपल्या पूर्वजांची विहीर व आपला डोंगर सांगते, आणि तो ऐकून घेतो. आमच्या बहिणीने त्या दुःखी बाईजवळ जे होते ते मागितले. मी तिला सांगितले, की तू चूक केली नाहीस. मग मी विचारले, की तू प्रार्थना केलीस का? ती म्हणाली, "रोज करते. घरी आल्यावर. नाव घेऊन."

त्या बाईच्या कागदांचे काम अद्याप चालू आहे. इमारत व इतर बांधकाम कामगारांच्या कल्याणकारी मंडळात तिचे स्वतःचे नाव नोंदवावयाचे, तर वर्षात ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो. ज्याच्याकडे तिने काम केले तो आज या, उद्या या म्हणतो. आमची बहीण पाच वेळा जाऊन आली आहे. येत्या सोमवारी सकाळी ती सहाव्यांदा जाईल. ह्या वेळी मीही तिच्यासोबत जाणार आहे, व तेथे तोंड तीच उघडील, असे आमचे ठरले आहे.